रिझॉल्व्ह: दोन तासांच्या कीर्तनात ओठ आणि आवाज सुटत जातात, पण वेव्हफॉर्म मात्र जुळलेले दिसतात

झांजवाला

मंडळी, दोन तासांच्या नारदीय कीर्तनाचं चित्रीकरण एडिट करतोय. साहित्य असं:

कॅमेरा, समोरून, १०८० आणि २५ फ्रेम. अँड्रॉइड फोन एक, डाव्या बाजूने, १०८० आणि ३० फ्रेम. अँड्रॉइड फोन दोन, मंडपात मागे, तोही तसाच. आवाज वेगळा, मिक्सरमधून थेट रेकॉर्डरवर घेतलेला, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल.

डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती, विंडोज, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. टाइमलाइन २५ ची.

वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) ऑटो सिंक केलं. सुरुवातीला सगळं चपखल. अर्ध्या तासानंतर डाव्या फोनवर बुवांचे ओठ आणि शब्द सुटे होतात. गंमत म्हणजे फोनच्या आवाजाचा वेव्हफॉर्म रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्मवर जवळजवळ बसतो, तरी चित्र चुकलेलं. फोन व्हेरिएबल फ्रेमरेटवर, म्हणजे कमीजास्त होणाऱ्या फ्रेमगतीने, रेकॉर्ड करतात असं वाचून हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'फास्ट १०८०पी३०' प्रीसेटने दोन्ही फाइली काढल्या. काही फरक नाही. कॅमेऱ्याचं चित्रही शेवटाकडे किंचित हललेलं वाटतं, पण ते कदाचित भास असेल.

दर पाच मिनिटांनी कापून सरकवत बसायचं की दुसरा काही उपाय आहे?

टाइमलाइनकर

कापाकापी लगेच करू नका. तुमच्याकडे बहुधा दोन वेगळे आजार एकत्र आलेत आणि दोघांवरचं औषध वेगळं आहे. आधी मोजा.

पहिलं मोजमाप, कॅमेरा विरुद्ध रेकॉर्डर. दोघांचे आवाज एकाखाली एक ठेवा. सुरुवातीचा झांजेचा एक स्वच्छ ठोका धरून जुळवा. झांजेचा ठोका वेव्हफॉर्ममध्ये उभ्या सुळक्यासारखा दिसतो, त्यामुळे पेटी किंवा बोलण्यापेक्षा तोच बरा. मग एक तासाजवळचा आणि शेवटच्या आरतीतला ठोका शोधून किती फ्रेमचा फरक पडलाय ते लिहा.

दुसरं मोजमाप, फोनचं चित्र विरुद्ध त्याच फोनचा आवाज. रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट करा. डाव्या फोनची मूळ फाइल टाइमलाइनवर घ्या, हँडब्रेकची नको. झांजा एकमेकींवर आपटतात ती फ्रेम शोधा आणि सुळका तिच्यापासून किती फ्रेम लांब आहे ते बघा. हे २०, ५०, ८० आणि ११५ मिनिटांजवळ करा. तीच फाइल व्हीएलसीमध्येही लावून बघा.

वेव्हफॉर्मने तुम्हाला चकवलं ते इथेच. ऑटो सिंक आवाजाला आवाज जुळवतं. चित्राकडे ते बघतच नाही. फोनमधला आवाज घड्याळाच्या ठेक्याने सरळ रेकॉर्ड होतो. चित्राच्या फ्रेम मात्र फोन जमेल तशा टिपतो: उजेड कमी झाला की एक्स्पोजर लांबवतो, तापला की दमतो. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो आणि व्हीएलसी तो शिक्का पाळतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. रिझॉल्व्ह फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून मांडतं. आवाज जागेवर राहतो, चित्र भरकटतं.

झांजवाला

मोजलं.

कॅमेरा आणि रेकॉर्डर: एक तासाला ३ फ्रेम, दोन तासांना ६ फ्रेम. रेकॉर्डरचा आवाज मागे.

डाव्या फोनचं चित्र आणि त्याचा स्वतःचा आवाज: २० मिनिटांना ८ फ्रेम, ५० ला २१, ८० ला १९, ११५ ला १३. व्हीएलसीमध्ये फरक शून्य.

म्हणजे तो भास नव्हता.

टाइमलाइनकर

चोख. आता आकडेच बोलतायत.

३ आणि ६, म्हणजे सरळ रेष. हा घड्याळांचा फरक. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांच्या आत वेळ मोजणारा आपापला क्रिस्टल आहे आणि दोघांचा 'एक सेकंद' तंतोतंत सारखा नसतो. ६ फ्रेम गुणिले ४० मिलिसेकंद म्हणजे २४०. ते ७२०० सेकंदांवर पसरलेत, म्हणजे दहा लाखांत सुमारे ३३ भाग. बिघाड वगैरे काही नाही, टाइमकोड किंवा वर्डक्लॉकने (वेळ जुळवणाऱ्या सिग्नलने) न बांधलेल्या दोन यंत्रांत एवढं होतंच.

८, २१, १९, १३ ही वर जाऊन खाली आलेली वाकडी रेष. हा व्हेरिएबल फ्रेमरेट. घड्याळाचा फरक कधी उलटा फिरत नाही, त्यामुळे आकडा मागे आला की दुसरी शंका घ्यायची गरज नाही.

तिसरा प्रकारही असतो, तुमच्याकडे नाही पण वाचणाऱ्यांसाठी: बराच वेळ शून्य आणि मग एकदम पायरी. कॅमेऱ्याने ४ जीबीला फाइल तोडली आणि जोडावर काही फ्रेमचा आवाज गळाला की असं होतं. जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या सुट्या फाइली कार्डातून उचलून आणल्या की हमखास. कार्डाचं अख्खं फोल्डर, आतल्या बारीकसारीक फाइलींसकट, कॉपी करायचं ते याचसाठी.

आणि ताशी साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक सरळ रेषेत वाढत असेल, तर कुठेतरी २९.९७ ला ३० समजलं गेलंय. तो हजारात एकाचा फरक आहे, क्रिस्टलचा नव्हे.

आता हँडब्रेक का फसलं. 'फास्ट १०८०पी३०' मध्ये फ्रेमरेटखाली 'पीक फ्रेमरेट' निवडलेलं असतं. त्याचा अर्थ 'तीसच्या वर जाऊ नको' एवढाच. खाली जायला मोकळीक आहे, म्हणजे फाइल पुन्हा व्हेरिएबलच निघते. नावातल्या ३० मुळे भलेभले फसतात.

व्हिडिओ टॅबमध्ये हे करा:
फ्रेमरेट ३०, आणि शेजारचा पर्याय 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'.
क्वालिटी आरएफ १८. मूळचा २२ एडिटसाठी जरा कंजूष आहे. आकडा कमी म्हणजे दर्जा जास्त.
डायमेन्शन्स टॅबमध्ये क्रॉपिंग 'ऑटोमॅटिक' असेल तर 'नन' करा. हे विसरू नका. मंडपातल्या अंधाऱ्या कडा त्याला काळ्या पट्ट्या वाटू शकतात, मग तो त्या कापतो आणि फ्रेमचा आकार बदलतो.
आवाज पासथ्रू, म्हणजे जसाच्या तसा.

निघालेली फाइल मीडियाइन्फो या फाइलचे तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून 'फ्रेमरेट मोड: कॉन्स्टंट' दिसतंय याची खात्री करा. आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून तपासा, मग अख्खी रांग रात्री लावा.

खटपट्या

एक भर. टाइमलाइन २५ ची आहे म्हणून फोनच्या फाइलीही हँडब्रेकमध्येच २५ वर आणायचा मोह होईल. नको. ३० चे २५ करताना दर सहातली एक फ्रेम जाते. ती हँडब्रेकमध्ये गेली की कायमची गेली. ३० वरच कॉन्स्टंट करा, रिझॉल्व्ह टाइमलाइनवर जुळवून घेतं. निरूपण चालू असताना धक्का जाणवणार नाही. फोन कुणी हातात धरून फिरवला असेल तर तेवढ्या क्लिपला इन्स्पेक्टरमधून रिटाइम प्रोसेस 'ऑप्टिकल फ्लो' द्या. सगळ्याला देऊ नका, ४ जीबीचं कार्ड घामाघूम होईल.

आणि क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन ३० च्या जागी २५ लिहू नका. तिथे फ्रेमरेट 'बदलत' नाही, तिथे आपण रिझॉल्व्हला सांगतो की ही फाइल २५ चीच समज. मग तेवढ्याच फ्रेम सावकाश चालतात. दोन तासांचं चित्र दोन तास चोवीस मिनिटांचं होतं आणि बुवा झोपेत बोलल्यासारखे दिसतात.

झांजवाला

पीक फ्रेमरेट! तेच होतं. दोन मिनिटांचा तुकडा कॉन्स्टंट काढला, मीडियाइन्फो कॉन्स्टंट म्हणतं. पूर्ण फाइली लावल्यात.

कॅमेरा-रेकॉर्डरच्या ६ फ्रेमचं काय? क्लिपचा स्पीड ९९.९९ टक्के करून पाहिला तर उलट भलतीकडे गेलं.

टाइमलाइनकर

भलतीकडे दोन कारणांनी गेलं. एक, दिशा. रेकॉर्डरचा आवाज मागे पडतोय म्हणजे त्याची फाइल लांब आहे, ती वेगाने चालवायला हवी. तुम्ही सावकाश केलीत. दोन, माप. ०.०१ टक्का म्हणजे दोन तासांत ७२० मिलिसेकंद, १८ फ्रेम. तुम्हाला हवाय ०.००३३ टक्के. या कुऱ्हाडीने पेन्सिल तासता येणार नाही.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. रेकॉर्डरची फाइल उघडा, पूर्ण निवडा, इफेक्टमध्ये 'चेंज स्पीड अँड पिच'. खाली सध्याची लांबी आणि नवी लांबी असे दोन रकाने आहेत. मिलिसेकंद दिसतील असा वेळेचा साचा निवडा आणि नवी लांबी सध्यापेक्षा २४० मिलिसेकंदांनी कमी लिहा. मोजमाप दोन ठोक्यांमधलं आणि फाइल चार-पाच मिनिटांनी मोठी, म्हणून हिशोब काटेकोर नाही हे खरं, पण चूक दहा मिलिसेकंदांच्या आतली. पाव फ्रेम. सोडून द्या.

वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी निर्यात करा. मूळ फाइल तशीच ठेवा.

पेटीमास्तर

संगीताच्या बाजूने माझी हरकत नोंदवतो. पेटी आणि तबला सुरात लावलेले असताना पिच बदलणारा इफेक्ट कशाला? त्यापेक्षा आवाजाला हात न लावता चित्र कापून सरकवावं. तीन कोनांचं एडिट आहे, दर काही सेकंदांनी कट येणारच. कटवर एक फ्रेम इकडे-तिकडे केली तर कुणाला कळतंय?

टाइमलाइनकर

तत्त्व मान्य, आकडा बघू. ०.००३३ टक्क्यांनी स्वर बदलतो तो सेंटच्या सतराव्या भागाएवढा. एका सेमिटोनचे, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे, १०० सेंट.

उलट, धोका 'चेंज टेम्पो' मध्ये आहे. नावावरून तो निर्धोक वाटतो, कारण तो स्वर न हलवता लांबी बदलतो. पण त्यासाठी तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा चिकटवतो आणि झांजेचा ठोका, तबल्याची 'ना' अशा टोकदार जागा बोथट होऊ शकतात. चेंज स्पीड फक्त सँपल नव्याने मोजतो.

चित्र सरकवण्याची पद्धतही चालते, पण मल्टिकॅममध्ये (सगळे कोन एकत्र बांधलेल्या क्लिपमध्ये) ती डोकेदुखी. कोन बदलला की प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो.

पेटीमास्तर

सतरावा भाग असेल तर हरकत मागे.

मात्र कुणाला आवाज कापूनच जुळवायचा असेल तर जागा नीट निवडा. अभंग चालू असताना कापू नका. पेटीचा धरलेला स्वर एका फ्रेमने जरी उडाला तरी टिचकी ऐकू येते. निरूपणात बुवा श्वास घेतात तिथे कापा. पूर्वरंग संपल्यावर बुवांना बुक्का लावून हार घालतात, ती तर तयार जागा. फेअरलाइट पेजवर आवाज फ्रेमपेक्षा बारीक मापाने सरकतो, एडिट पेजवर नुसता ओढला तर अख्ख्या फ्रेमने. सांध्यावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड द्या.

खटपट्या

मागच्या फोनबद्दल कुणी बोललं नाही. तो मंडपात किती मागे होता? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २५ च्या एका फ्रेममध्ये जेमतेम १४ मीटर. फोन स्पीकरपासून १४ मीटरवर असेल तर त्याच्या माइकला ठोका एक फ्रेम उशिरा ऐकू आला. ऑटो सिंकने तो उशिराचा आवाज मिक्सरच्या आवाजावर नेऊन बसवला, त्यासोबत चित्रही एक फ्रेम आधी खेचलं गेलं. ती क्लिप एक फ्रेम उजवीकडे सरकवा. हा फरक शेवटपर्यंत तेवढाच राहतो, वाढत नाही, त्यामुळे एकदाच करायचा.

क्रमही सांगून ठेवतो, कारण उलटा केला की सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं. आधी फोनच्या फाइली कॉन्स्टंट. मग आवाजाची लांबी. मग नवा बिन (रिझॉल्व्हमधलं फोल्डर), त्यात फक्त दुरुस्त फाइली. मूळ फाइली प्रोजेक्टमधून बाहेर, नाहीतर रात्री दोन वाजता चुकीची क्लिप ओढली जाते. मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी हलक्या प्रती. व्हेरिएबल फाइलीच्या प्रॉक्सी बनवून उपयोग नाही, रोग प्रॉक्सीतही उतरतो.

प्रॉक्सीसाठी प्रोजेक्ट सेटिंग्जच्या मास्टर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी रेझोल्यूशन 'हाफ', फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी. १०८० पूर्ण मापात हा फॉरमॅट २५ फ्रेमला सेकंदाला ३६ मेगाबिट घेतो, म्हणजे ताशी १६ जीबी. हाफ केल्यावर पिक्सेल चौथाई, जागाही साधारण चौथाई. तीन कोन, दोन-दोन तास, मिळून २५ ते ३० जीबी मोकळी ठेवा. कॅश आणि प्रॉक्सीचं फोल्डर सी ड्राइव्हवर नको. एसएसडीवर दुसरा विभाग असेल तर तिथे.

मग क्लिप निवडून राइट क्लिक, मल्टिकॅम क्लिप, अँगल सिंक 'साउंड'. टाइमलाइनवर टाकून व्ह्यूअर मल्टिकॅमवर न्या आणि खालच्या बटणांपैकी फक्त व्हिडिओचं दाबून ठेवा, म्हणजे कोन बदलताना आवाज बदलणार नाही. नुसत्या क्लिकने कट पडून कोन बदलतो. ऑल्ट धरून क्लिक केलं तर कट न पडता चालू तुकड्याचाच कोन बदलतो. पहिल्या फेरीत चालू ठेवून नुसते कट मारत जा, चुका ऑल्टने दुसऱ्या फेरीत.

बोरूबहाद्दर

थोडं विषयांतर, पण कीर्तन म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मराठी शीर्षकं. रिझॉल्व्हच्या टेक्स्ट प्लस शीर्षकात जोडाक्षरं फुटत असतील, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर तासभर फॉन्ट बदलत बसू नका. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० बाय १०८० चं पान घ्या, मजकूर लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि वरच्या ट्रॅकवर टाका. प्रीमियर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन आहे का ते आधी बघावं, निम्मी दुखणी तिथेच संपतात.

मंडळाकडून आलेला मजकूर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसला तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमधला आहे. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं ते बहुतेकदा इथेच. र्‍याचा आडवा र हवा असेल तर नुक्ता असलेला ऱ, हलन्त, मग य; किंवा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर, य. दोन्हीही न जमल्यास दुसरीकडून बरोबर शब्द उचलून चिकटवा, पण 'सार्या भाविकांना' असं पडद्यावर सोडू नका.

फॉन्ट: जाड शीर्षकाला बलू किंवा मुक्त, अभंगाच्या ओळींना टिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी नाहीत.

झांजवाला

रिपोर्ट: फोनच्या चित्रात ११५ मिनिटांवर फरक शून्य. कॅमेऱ्यावर शेवटच्या आरतीत अर्ध्या फ्रेमच्या आत. मागचा फोन १८ मीटरवर होता, एक फ्रेम उजवीकडे केल्यावर बसला.

शेवटचा प्रश्न. मंडळाला पेनड्राइव्हवर द्यायचंय, टीव्हीवर लावतात. ८ मेगाबिटने काढलेली फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, जागा भरपूर असूनही.

खटपट्या

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, आणि ८ मेगाबिटने दोन तास म्हणजे ७.२ जीबी. एक्सफॅट केल्यास बसेल, पण मंडळाचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते त्या टीव्हीवर लावूनच कळेल. बिनधोक मार्ग म्हणजे डिलिव्हर पेजवर एच २६४, क्वालिटी 'रिस्ट्रिक्ट टू' ४००० किलोबिट, आवाज एएसी ३२०. चित्र ३.६ आणि आवाज ०.३, मिळून ३.९ जीबी. तिपाईवरच्या स्थिर चित्रीकरणाला ४ मेगाबिट पुरतात. नाहीतर पूर्वरंग आणि उत्तररंग अशा दोन फाइली करा, बिटरेट ७ ठेवता येईल.

यूट्यूबसाठीची प्रत मात्र ८ चीच ठेवा. आणि पुढच्या वेळी फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप टाकून २५ फ्रेम, शटर पन्नासावा भाग असं कुलूप लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चित्रात ट्यूबलाइटच्या पट्ट्याही दिसत नाहीत. ॲप त्या फोनवर चालतं का ते आधी पाहून घ्या, आणि दहा मिनिटांची फाइल काढून मीडियाइन्फोत मोड बघूनच मंडपात जा.